स्तर बदलला, खिडकीचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात, जून २०२१ मध्ये, नाशिकमधल्या नागरी सेवेच्या एका खिडकीवर मी एकावर एक चिकटवलेले तीन कागद पाहिले. खिडकी कोणती हे सांगत नाही, कारण दोष त्या एकाच खिडकीचा नाही. सर्वांत वरच्या कागदावर कामकाजाची वेळ दहा ते दोन अशी हाताने लिहिलेली होती. त्याच्या खालच्या कागदाचे ‘पुढील आदेशापर्यंत’ एवढेच शब्द फाटक्या कडेतून दिसत होते, आणि सर्वांत खाली मागच्या वर्षीची तारीख होती. मी स्वतः टपाल खात्यात चौतीस वर्षे खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो आहे. जुना कागद काढून नवा लावायलाही माणूस मोकळा असावा लागतो हे मला ठाऊक आहे, म्हणून त्या कागदांचा मला राग आला नाही. मात्र कोरोनाच्या निर्बंधांचा स्तर बदलत असताना बाहेर उभ्या असलेल्या माणसाने त्यांतला कोणता कागद खरा मानायचा, हा प्रश्न उरतोच, आणि या पत्राचे कारणही तोच आहे.

आमच्या शेजारच्या वहिनींचे यजमान एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला त्या ठिकाणच्या निबंधकाकडे होते. रुग्णालय शहराच्या दुसऱ्या टोकाला असल्यामुळे दाखलाही तिकडूनच घ्यावा लागणार होता. नोंद रुग्णालयाने वेळेत केली होती. कुटुंब निवृत्तिवेतन, बँकेतले खाते आणि विमा यांसाठी दाखला हवा होता, आणि वहिनींना एकटीने जाणे जड वाटत होते म्हणून मी बरोबर गेलो. पहिल्या खेपेला समजले की कर्मचारी निम्मेच आहेत आणि नोंदवही सांभाळणाऱ्या बाईंना लसीकरण केंद्रावर पाठवले आहे. दुसऱ्या खेपेला आम्ही अडीच वाजता पोहोचलो, तर खिडकी दोनला बंद झालेली. तिसऱ्या खेपेला आतल्या एका तरुण कारकुनाने आमची अवस्था पाहून कागदाच्या चिठोऱ्यावर स्वतःचा मोबाइल क्रमांक लिहून दिला आणि म्हणाला, “काका, आता फोन करून मगच या. तुमचे हेलपाटे मला बघवत नाहीत.” प्रत्येक खेपेला रिक्षाचे दीडशे रुपये गेले, ते एक वेळ सोडून देऊ. पण शहराची जी व्यवस्था असायला हवी होती, ती त्या मुलाच्या चिठोऱ्यावर होती.

महापालिकेने या काळात काही केले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. मे महिन्यात जिल्ह्यात दहा दिवसांचे कडक निर्बंध होते, तेव्हाही आमच्या गल्लीत घंटागाडीची घंटा वाजायची चुकली नाही. विलगीकरणातल्या घरांचा कचरा वेगळा घेतला जाई, आणि हातमोजे घातलेला तो कामगार पिवळी पिशवी शरीरापासून दूर धरून कशी नेत असे, ते मी गॅलरीतून पाहिले आहे. त्याच काळात समाजकल्याण वसतिगृहापासून ठक्कर डोमपर्यंत मिळेल त्या जागेत खाटा उभ्या केल्या गेल्या. २१ एप्रिलला डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूची गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले. ती जखम या शहराच्या मनावरून लवकर पुसली जाणार नाही, पण तिची कारणमीमांसा हा या पत्राचा विषय नव्हे. मला बोलायचे आहे ते रोजच्या, दिसायला किरकोळ अशा सेवांबद्दल.

राज्य शासनाने ४ जूनच्या आदेशाने निर्बंधांचे पाच स्तर ठरवले आणि ७ जूनपासून ते लागू झाले. चाचण्यांमधील बाधितांचे प्रमाण आणि प्राणवायूच्या खाटांपैकी किती भरलेल्या आहेत, या दोन गोष्टींवर जिल्ह्याचा किंवा मोठ्या शहराचा स्तर ठरतो. आरोग्य विभाग दर गुरुवारी आकडे देतो आणि त्याप्रमाणे सोमवारपासून बदल होतो. पुढे डेल्टा प्लस या कोरोनाच्या नव्या प्रकाराच्या भीतीने २५ जूनच्या आदेशाने सगळे राज्य किमान तिसऱ्या स्तरावर आले. आता दुकाने चारला बंद, पाचनंतर संचारबंदी, पहाटे पाच ते नऊ फिरण्यास मुभा, लग्नाला ५० माणसे आणि अंत्ययात्रेला २०, हे पोराटोरांनाही पाठ झाले आहे. एवढेच नव्हे, तर कार्यालयातील उपस्थितीसुद्धा त्याच तक्त्यात स्तरानुसार दिलेली आहे. तिसऱ्या स्तरावर ती ५० टक्के, चौथ्यावर २५ आणि पाचव्यावर १५ टक्के आहे.

म्हणजे कोणत्या स्तरावर किती हात कामाला उरणार, हे आधीच ठरलेले आहे. मग त्या उरलेल्या हातांनी कोणती खिडकी चालू ठेवायची, कोणती आठवड्यातून दोनच दिवस उघडायची आणि कोणते काम फोनवर वेळ देऊन करायचे, हेही आधीच ठरवून ठेवता येते. स्तर पाचच आहेत, तेव्हा कागदही पाचच लागतील. नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक आणि सातपूर या सहाही विभागांत ते आजच छापून ठेवावेत आणि गुरुवारी आकडे आले की सोमवारी लागू होणारा कागद शुक्रवारी सकाळी दारावर लावावा. जुना कागद मात्र आठवणीने काढावा!

अशा कागदासाठी नवीन कायदा करण्याचीही गरज नाही. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने प्रत्येक कार्यालयाला आपल्या सेवा, त्यांची कालमर्यादा आणि जबाबदार अधिकारी यांचा फलक लावणे बंधनकारक केलेले आहे. निम्म्या मनुष्यबळावर त्या कालमर्यादा पाळल्या जाव्यात असा हट्ट मी धरणार नाही. तो कर्मचाऱ्यांवर अन्याय होईल. पण मर्यादा वाढली असेल तर किती वाढली, हे त्या फलकावर लिहायला काय हरकत आहे? आठ दिवस लागतील असे स्पष्ट सांगितले तर माणूस आठ दिवस थांबतो. ‘उद्या या’ असे सांगितले तर तो उद्या येतो, परवा येतो आणि रांग वाढवतो.

रांगेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण निर्बंध आले ते गर्दी टाळण्यासाठी. मार्चअखेर शहरातील मुख्य बाजारपेठांत शिरण्यासाठी तासाला पाच रुपयांची पावती आणि तासापेक्षा जास्त थांबल्यास पाचशे रुपये दंड अशी व्यवस्था झाली, तेव्हा तिची देशभर चर्चा आणि घरोघरी थट्टा झाली. मला ती कल्पना सर्वस्वी चुकीची वाटली नव्हती, कारण निदान माणसे मोजण्याचा तो प्रयत्न होता. पण पाच रुपयांनी माणसाची बाजारातली वेळ कमी होते, त्याची गरज कमी होत नाही. वेळ आखडली की तीच माणसे थोड्या तासांत दाटीने येतात. हे जसे मेन रोडच्या बाजाराला लागू आहे, तसेच दहा ते दोन उघडणाऱ्या खिडकीलाही लागू आहे. पहिल्या टाळेबंदीत आमच्या भागातील भाजीवाल्यांना मोकळ्या जागेत चुन्याचे चौकोन आखून अंतराअंतराने बसवले होते. त्या वेळी भाजी घेताना जितके निर्धास्त वाटले, तितके नंतर कधी वाटले नाही. ते चौकोन पुढे पावसाने धुतले गेले आणि परत कुणी आखले नाहीत.

लसीकरणाच्या बाबतीत लसींचा पुरवठा महापालिकेच्या हाती नाही, हे मान्य. कोविशिल्डच्या दोन मात्रांमधले अंतर आधी चार आठवडे होते, मग सहा ते आठ झाले आणि मे महिन्यात बारा ते सोळा झाले. हा बदलही दिल्लीत ठरला. मात्र कोणत्या केंद्रावर उद्या किती मात्रा येणार आहेत, हे आदल्या संध्याकाळी दारावर लिहिणे स्थानिक यंत्रणेच्या हातात आहे. पन्नास टोकनांसाठी पहाटेपासून दीडशे माणसे उभी राहतात आणि त्यांतली शंभर नऊ वाजता परत जातात, तेव्हा त्या शंभरांना आधी सांगण्याचा खर्च एका खडूचा असतो. ज्येष्ठांकडे स्मार्टफोन नसतो, आणि असला तरी ओटीपी येईपर्यंत जागा भरून जातात. ज्यांच्या घरात तरुण माणूस नाही, त्यांना दारावरच्या खडूचाच आधार आहे.

आता पुढे गणेशोत्सव आहे. १० सप्टेंबरला चतुर्थी असून, सार्वजनिक मूर्ती चार फुटांची आणि घरगुती दोन फुटांची, हे शासनाने जाहीरही केले आहे. मागच्या वर्षी महापालिकेने मूर्ती संकलनाला जोर दिला आणि घरी विसर्जन करणाऱ्यांना मूर्ती विरघळवण्यासाठी अमोनियम बायकार्बोनेट पुरवले, ते काम चांगले झाले होते. या वर्षी त्या दिवशी शहर कोणत्या स्तरावर असेल, ते आज कुणालाच सांगता येणार नाही. नेमके म्हणूनच प्रत्येक स्तराची व्यवस्था आताच जाहीर करावी. तिसरा असेल तर संकलन केंद्रे कुठे, चौथा असेल तर गाडी गल्लीत किती वाजता, हे श्रावण लागण्यापूर्वी कळले तर मंडळेही त्याप्रमाणे तयारी करतील आणि घाटावर ऐनवेळी अडवाअडवी करण्याचा प्रसंग पोलिसांवर येणार नाही.

गेल्या गुरुवारी, ८ जुलैला, शहरात सिटीलिंकची बससेवा सुरू झाली. अशा काळात नवी बस रस्त्यावर आणणे हे धाडसाचेच काम, आणि त्याबद्दल महापालिकेचे मनापासून अभिनंदन करतो. पहिल्याच दिवशी बस किती वाजता कुठून निघणार, ते लोकांना माहीत होते. तेवढीच माहिती दाखल्याच्या, घरपट्टीच्या आणि पाणीपट्टीच्या खिडकीबद्दल मिळावी, एवढीच अपेक्षा आहे.

वहिनींना दाखला चौथ्या खेपेला मिळाला, तोही त्या कारकुनाला आधी फोन केल्यामुळे. त्यांना तीन प्रतींची गरज होती. त्यांनी दहा घेतल्या. बाहेर आल्यावर एवढ्या कशाला म्हणून विचारले, तर प्रती पर्समध्ये नीट घडी घालून ठेवत म्हणाल्या, “भाऊजी, पुन्हा ही खिडकी कधी उघडी सापडेल, काही भरवसा आहे का?”

आपला नम्र,
एक निवृत्त टपाल कर्मचारी
सिडको, नाशिक
१२ जुलै २०२१