नाग नदीचा निर्णय सोडतीने निवडलेल्या शंभर नागपूरकरांपुढे ठेवा

प्रति,
मा. आयुक्त,
नागपूर महानगरपालिका, सिव्हिल लाईन्स, नागपूर

विषय : पूरनियंत्रणाच्या आराखड्याआधी नागरिक सभा घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत घरोघरी पाणी शिरले. त्यानंतर तलावाचा सांडवा, त्याच्याजवळचे विवेकानंद स्मारक, पूल आणि भिंती यांवर न्यायालयात आणि वर्तमानपत्रांत भरपूर बोलून झाले आहे. एक प्रश्न मात्र अजून मोकळाच आहे. नदीला जागा द्यायची तर कोणाची, आणि हे ठरवायचे कोणी?

कोणत्या पुलाखालून किती क्यूसेक पाणी जाईल, हे अभियंत्यांनीच सांगावे. पण एका काठाची भिंत उंचावली की पाणी समोरच्या किंवा खालच्या वस्तीत चढते. ते कुठे चढू द्यायचे, हे गणिताने सुटत नाही.

यासाठी आपल्याकडची रीत म्हणजे जाहीर सूचना, हरकती आणि सुनावणी. सुनावणी कामाच्या दिवशी, भर दुपारी. ज्यांची जागा अडकली ते येतात, त्यांचे वकील येतात, निवृत्त मंडळी येतात (तीही आली नसती तर खुर्च्या रिकाम्याच राहिल्या असत्या). रोजंदारीवर जाणारी बाई येत नाही. २००९ साली महापालिका कायद्यात आलेली क्षेत्रसभा, म्हणजे वस्तीपातळीवरची मतदारांची सभा, बहुतेक कागदावरच राहिली. त्यात मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षांहून अधिक काळ शहराला नगरसेवकच नव्हते. अशाने निर्णय कायदेशीर ठरतो, पण तो आपला आहे असे कोणाला वाटत नाही.

म्हणून सोडतीने निवडलेल्या शंभर जणांची नागरिक सभा घ्यावी. महापालिकेच्या दहाही झोनना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा द्याव्यात. नदीकाठच्यांना जादा जागा देऊ नयेत. त्यांचे म्हणणे साक्ष म्हणून पूर्ण ऐकावे. पण ज्याचे घर पणाला लागले आहे तोच पंच झाला, तर बाकीचे शहर निकाल मानणार नाही.

सगळा खेळ निवडीत आहे. मतदार यादीत मृत, गाव सोडून गेलेली आणि दुबार नावे असतात, बरेच भाडेकरू नसतात. म्हणून नावे काढण्याऐवजी घरे काढा. आधी मतदान केंद्रांची सोडत करा, मग त्या हद्दीत ठरावीक अंतराने घर घ्या, एकूण दोन हजार. घरातली कोण? अठरा वर्षांवरील ज्या व्यक्तीचा वाढदिवस सर्वांत अलीकडे होऊन गेला, ती. कर्त्या पुरुषाने आपलेच नाव पुढे करू नये, म्हणून हा नियम. प्रत्येक घरी तीन खेपा, त्यांतली एक संध्याकाळी आणि एक रविवारी. कुलूप दिसले म्हणून शेजारचे घर घेऊ नये, नाहीतर सभेत दिवसभर घरी असणारेच भरतात. आणि कृपया करवसुलीचे कर्मचारी पाठवू नका, दारच उघडणार नाही.

होकार देणाऱ्यांतून दुसरी निवड. लिंग, वय, शिक्षण, घर स्वतःचे की भाड्याचे, झोपडपट्टी की ले-आऊट (आखीव भूखंडांची वसाहत), या निकषांवर शहराशी जुळणाऱ्या शंभर-शंभर जणांच्या हजार याद्या संगणक तयार करतो. (जुळवायला हाताशी २०११ चीच जनगणना आहे, तेवढी उणीव मान्य करावी लागेल.) नावे झाकून याद्यांना ००० ते ९९९ क्रमांक द्यावेत आणि रेशीमबागच्या सुरेश भट सभागृहात सर्वांसमक्ष तीन चेंडू काढावेत. राखीव वीस जण त्याच सोडतीत ठरवावेत. आयर्लंडच्या अशाच ९९ नागरिकांच्या सभेत २०१८ मध्ये असे उघडकीस आले, की गळालेल्यांच्या जागी घेतलेले सात सदस्य सोडतीशिवाय, ओळखीपाळखीतून आले होते. त्यांना काढावे लागले. याच सभेच्या शिफारशीतून पुढे गर्भपातावरचे सार्वमत झाले. हे सात जण त्या चर्चेनंतर आले होते म्हणून निभावले.

सभेला सहा रविवार लागतील, डिसेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यातल्या नागपुरात कोणाचेच डोके चालत नाही. दिवसाला हजार रुपये भत्ता धरला तर सहा लाख होतात. तो त्याच आठवड्यात खात्यात जमा व्हावा, कारण बुडालेली मजुरी तीन महिन्यांनी मिळून उपयोग नाही. पाळणाघर हवे. बाईऐवजी तिचा नवरा आला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे. नगरसेविकांच्या पतिराजांचा अनुभव शहराला पुरेसा आहे. टेबलाला आठ जण आणि एक समन्वयक, दर सत्राला अदलाबदल. कागद मराठीत आणि हिंदीत. सल्लागार कंपनीचा इंग्रजी अहवाल तसाच वाटला, तर पहिल्याच रविवारी निम्मे लोक गप्प होतील.

तज्ज्ञ कोण बोलावतो, यावर सभेची पत ठरते. निम्मे तज्ज्ञ पालिकेने सुचवावेत, निम्मे सभेने स्वतः मागवावेत. आराखडा करणाऱ्या सल्लागाराने माहिती द्यावी आणि बाहेर थांबावे. प्रश्नही नेमका हवा. ‘नाग नदी स्वच्छ व्हावी का?’ असे विचारले तर शंभर जण हो म्हणतील आणि कोणाचेच काही अडणार नाही.

सभेच्या शिफारशी बंधनकारक नसाव्यात. मंजुरी सर्वसाधारण सभाच देईल. बंधन हवे ते उत्तराचे. फ्रान्समध्ये हवामानावरच्या अशाच सभेतल्या १५० नागरिकांना राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी सांगितले होते, की तुमच्या शिफारशी जशाच्या तशा पुढे नेऊ. २०२० मध्ये १४९ शिफारशी आल्या. तीन लगेच बाजूला पडल्या, पुढे कायदा करताना अनेक पातळ झाल्या आणि लोक जास्तच चिडले. म्हणून आश्वासन छोटे द्या. प्रत्येक शिफारशीवर ९० दिवसांत लेखी उत्तर: मान्य, अंशतः मान्य की अमान्य, कारण काय, खर्च कोणत्या लेखाशीर्षातून, जबाबदार अधिकारी कोण.

हे आश्वासन ठरावाच्या रूपात सोडतीआधी जाहीर झाले पाहिजे. दारावर जाणाऱ्या माणसाला लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, की आम्ही बोलून होणार काय? त्या वेळी त्याच्या हातात ठरावाची प्रत हवी. डिसेंबरात बसायचे तर घरोघरच्या खेपा ऑक्टोबरमध्ये, दिवाळीचे दिवस वगळून, आणि ठराव ऑगस्टमध्ये व्हावा लागेल.

आपले,
नगरनियोजन आणि लोकसहभाग या विषयांत काम करणारे काही नागपूरकर