फाईल नसलेलं पत्र

ती. काका,
सा. न. वि. वि.

या पत्राला फाईल जोडलेली नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. "फाईल नसलेला मेल मी उघडत नाही" हा तुमचा नियम मला पाठ आहे. मागे दोनदा आभाराचा मेल पाठवून बघितला, दोन्ही वेळा तुम्ही तो न वाचता उडवलात. दुसऱ्या वेळी उत्तर तेवढं आलं, "चाल पाठव. नाटकं पुरे की." म्हणून आता चारचौघांत लिहितेय. चारचौघांतलं तुम्ही वाचता, त्यात शुद्धलेखनाच्या चुका सापडतात म्हणून.

बाकीच्यांसाठी थोडं सांगायला हवं. काका आणि मी एकमेकांना अजून भेटलेलो नाही. ते बेळगावात, मी नाशकात. ओळख झाली ती 'कॉम्बॅट मिशन: बॅटल फॉर नॉर्मंडी' या 2011 साली आलेल्या गेममुळे. 1944 चा उन्हाळा, फ्रान्सचा किनारा, एका बाजूला अमेरिकन आणि दुसरीकडे जर्मन. बोटांच्या चपळाईचं इथे काही चालत नाही. दोघांनी आपापल्या तुकड्यांना हुकूम द्यायचे, कॉम्प्युटर दोघांचे हुकूम एकदमच राबवतो आणि पुढची साठ सेकंदं तुमच्यासमोर उलगडतात. त्या साठ सेकंदांत तुमच्या हातात काहीच नसतं. बघायचं, मागे नेऊन परत बघायचं, कपाळाला हात लावायचा, पुढच्या मिनिटाचे हुकूम द्यायचे आणि फाईल समोरच्याला मेल करायची. चाळीस मिनिटांच्या आमच्या पहिल्या लढाईला पाच महिने लागले. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "एवढ्यात खरी लढाई आटपली असेल." आटपलीच होती. नॉर्मंडीची सबंध मोहीम तीन महिन्यांच्या आत संपली.

काका, ती पहिली लढाई आठवते? मी अमेरिकन, तुम्ही जर्मन. समोर एक मोकळं शेत आणि पलीकडे ते बोकाज, म्हणजे मातीचे उंच बांध आणि त्यावर शतकानुशतकं वाढलेली झाडंझुडपं. मी तीसेक माणसांना 'फास्ट'चा हुकूम देऊन शेतातून सरळ पळवलं. चौदाव्या सेकंदाला कोपऱ्यातून तुमची एमजी 42 मशीनगन बोलली. मिनिटाला 1200 गोळ्या. माझी अर्धी पलटण आडवी झाली आणि उरलेली तोंडं मातीत खुपसून पडली. तुमचा मेल आला, "एवढी माणसं कशाला आणलीस गं? ऊस तोडायचा आहे काय? मुकादम कुठाय?"

हसू आलं आणि रागही आला. माणसं माझी मेली होती ना! पण डाव संपल्यावर तुम्ही जे केलंत ते तोवर दुसऱ्या कुणी केलं नव्हतं. तुम्ही तुमचा पासवर्ड दिलात (कुंदा, बेळगावची मिठाई, दुसरं काय असणार) आणि म्हणालात, आता माझ्या बाजूनं बघ. मी तुमच्या जुन्या फाईली एकेक उघडल्या. पहिल्या मिनिटापासून माझी धूळ, माझा गोंधळ तुम्हाला कसा दिसत होता ते दिसलं. तुमची मशीनगन तीन मिनिटं गप्प बसली होती, कारण तुम्ही तिला मुद्दाम आखूड टप्पा आखून दिला होता. शत्रू शेताच्या मधोमध आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असा. स्वतःचा पराभव समोरच्याच्या खुर्चीत बसून बघायला मिळणं, हे शिक्षण मला ना शाळेत मिळालं ना ऑफिसात.

मग शिकवणी सुरूच झाली, तुम्ही तिला शिकवणी म्हणू दिली नाहीत तरी. तुकडीतून दोन माणसं वेगळी काढून पुढे पाठवायची, 'हंट'वर, पावलागणिक थांबत. बांधामागे कुणी आहे असं वाटलं की मारण्यासाठी नाही, मान खाली घालायला लावण्यासाठी गोळीबार करायचा, आणि ती मान खाली असेतो दुसऱ्यांनी पळायचं. तुमच्या पँथर रणगाड्यासमोर माझा शर्मन रणगाडा घेऊन उभं राहायचं नाही, त्याच्या पुढच्या तिरक्या चिलखतावर 75 मिलिमीटरचा गोळा नुसता टणकन वाजतो. बाजूनं जायचं, तिथली जाडी जेमतेम 40-50 मिलिमीटर. हे सगळं तुम्ही टोमण्यांत गुंडाळून दिलंत. "तुझा शर्मन माझ्या पँथरच्या दारात हळदीकुंकवाला आलाय काय?" हे वाचल्यावर समोरून जायची चूक परत कोण करेल!

आणि ते कलिनचं प्रकरण. हे बांध रणगाड्यांना ओलांडता येत नसत, चढायला गेलं की रणगाड्याचं पोट वर येई आणि तिथलं चिलखत पातळ. कर्टिस कलिन नावाच्या अमेरिकन सार्जंटनं रणगाड्याच्या नाकाला लोखंडी दात बसवले, म्हणजे बांध फोडूनच आत शिरायचं. ते लोखंड आलं कुठून, तर जर्मनांनीच समुद्रकिनारी उभे केलेले अडथळे कापून. तुम्ही हे मला निदान पाच वेळा सांगितलंय, आणि पाचही वेळा शेवटी, "शत्रूचंच लोखंड गं!" जर्मन बाजूनं खेळणाऱ्या माणसाला त्याचं एवढं कौतुक का, हे मी अजून विचारलेलं नाही.

आता थट्टेबद्दल. गोळीबाराच्या दुसऱ्या गेम मीही खेळले आहे, हेडफोन लावून, अनोळखी पोरांच्या टोळीत. आवाज बाईचा आहे एवढं कळलं की पुढच्या पाच मिनिटांत काय काय कानावर पडतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी माईक बंद ठेवायला लागले, मग ते खेळणंच सोडलं. तुमच्याशी चार महिने खेळून झाल्यावर बोलण्याच्या ओघात मी 'गेले होते' असं लिहून गेले. तोवर इंग्रजीतून रेटत होतो, त्या दिवशी एक शर्मन उडाला आणि माझ्या तोंडून 'आयला' निघालं, तुम्ही विचारलंत "मराठी काय?" आणि गाडी मराठीवर आली होती. मी बाई आहे हे कळल्यावर तुमचा मेल एका ओळीचा होता. "मग काय, पँथरनं हळू मारायचं काय?" पुढच्याच मिनिटाला तुम्ही माझी मॉर्टरची, म्हणजे उखळी तोफांची, अख्खी तुकडी उडवलीत. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

(वरच्या ऊसतोडीच्या मेलमध्ये तुम्ही 'गं' म्हणाला नव्हतात आणि तो मेल इंग्रजीत होता, हे तुम्ही आता दाखवून देणार. आठवणीत तो मराठीच झालाय, राहू दे.)

एकदा मीच घसरले. सलग तिसरी लढाई हरत होते, ऑफिसात दिवस वाईट गेला होता, आणि मी लिहिलं की या वयात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायला वेळ आहे म्हणून जिंकता. उत्तरात फाईल आली. मजकूर कोरा. दुसऱ्या दिवशीही फाईल, मजकूर कोरा. असे अकरा मेल. चाली नेहमीसारख्याच चोख, फक्त शब्द नाही. अकराव्याला मी माफी मागितली, नीट, कारणं न देता. बाराव्या मेलमध्ये तुम्ही लिहिलंत, "चर्चच्या मागं तू लपवलेली तोफ लहान पोरालाही दिसेल. झाकून घे." एवढ्यावर तो विषय मिटला. पुन्हा कधी निघाला नाही, आज मीच काढतेय.

या गेममध्ये जखमी सोबत्याशेजारी धडधाकट शिपायाला थोडा वेळ बसवलं तर तो त्याची मलमपट्टी करतो. तेवढा वेळ लढाईतून एक बंदूक कमी होते, म्हणून घाईत मी तो भाग सोडून द्यायचे. तुम्ही कधीच सोडला नाहीत, हरत असतानाही. मी विचारलं तेव्हा तुम्ही मला नामदेव जाधवांची गोष्ट लिहून पाठवलीत. नगर जिल्ह्यातला शिपाई, मराठा पलटणीत निरोप्या. 9 एप्रिल 1945, इटलीतली सेनिओ नदी. दोन जखमी सोबत्यांना त्यानं गोळीबारात, खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या काठावरून एकेक करून सुरक्षित जागी नेलं, मग मागे वळून मशीनगनची तीन ठाणी गप्प केली. त्यासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तुम्ही फौजेत नव्हता, विमा कंपनीत आयुष्य गेलं तुमचं. पण मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र तुमच्या गावात, लहानपणी पहाटे रंगरुटांच्या बुटांच्या आवाजानं जाग यायची म्हणता. त्या मेलच्या शेवटी होतं, "क्रॉस तिन्ही ठाण्यांचा असंल. माझ्या लेखी पहिल्या दोन फेऱ्यांचा."

आणि आता ते, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

2018 च्या जुलैत बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावरून मी तुम्हाला एक ओळ टाकली, "वडील दवाखान्यात. चाल थांबेल." लढाई तेविसाव्या मिनिटावर होती. त्या दिवसांत फोन सारखा वाजत होता. प्रत्येक नातेवाइकाला पहिल्यापासून सांगायचं, कधी झालं, कसं झालं, आधी बीपी नव्हतं का, गोळ्या वेळेवर घेत नव्हते का. माणसं मायेनंच विचारत होती, पण चाळिसाव्यांदा तेच सांगताना मला माझाच आवाज दुसऱ्या कुणाचा वाटायला लागला होता.

तुम्ही काही विचारलं नाहीत. तिसऱ्या दिवशी, तुमचाच नियम मोडून, फाईल नसलेला मेल आला:

"शत्रूपक्षास कळविण्यात येते की तू मिनिट मधेच थांबवल्यामुळं आमची माणसं तीन दिवस एका पायावर उभी आहेत. उजवा पाय हवेत आहे. घाई नाही. डावा मजबूत आहे."

दोन दिवसांनी: "आमच्या हवालदारानं चहा मागितला. या मुलखात चहा नाही, वाईन आहे म्हणतात. हवालदार माळकरी आहे. आषाढीला पंढरपूरला जायचं म्हणून रजेचा अर्ज दिलाय. शत्रूची परवानगी लागेल. तू सही केलीस तर सोडतो."

त्याच्या पुढच्या आठवड्यात: "पँथरच्या तोफेच्या नळीत चिमणीनं घरटं केलं. पिल्लं उडेपर्यंत गोळा झाडणार नाही, हा माझा शब्द. सावकाश ये."

सहा आठवडे ही बातमीपत्रं येत राहिली. मी एकालाही उत्तर दिलं नाही. तुम्हाला ते अपेक्षितही नव्हतं, पुढची बातमी त्याच सुरात यायची. बाबांना वॉर्डात हलवल्यावर एका दुपारी, वेळ जात नव्हता म्हणून, मी त्यांना हवालदाराच्या रजेचा अर्ज वाचून दाखवला. आधी लढाई काय, जर्मन कोण, बेळगावचे काका कोण ते सांगावं लागलं. माळकरी हवालदारापाशी आले आणि बाबांच्या ओठाचा डावा कोपरा वर गेला. घशातून काहीतरी आवाज आला. शेजारच्या खाटेवरचे आजोबा दचकून बघायला लागले. झटक्यानंतरचं ते त्यांचं पहिलं हसू. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीच्या ताई गेल्यावर बाबांनी डाव्या हातानं माझ्या फोनकडे बोट केलं. नवा मेल नव्हता. मी जुनेच परत वाचले.

नळीतली चिमणी तुम्हाला ऐन वेळी सुचली की तुम्ही बसून रचलीत, मला माहीत नाही. विचारलं असतं तर म्हणाला असता, "चाल पाठव." सप्टेंबरात मी तेविसाव्या मिनिटाचे हुकूम पाठवले तेव्हा तुमचा मेल आला तो असा, "पिल्लं उडाली. सांभाळ." आणि खरोखरच त्या पँथरनं माझा शर्मन फोडला.

काका, त्या बातमीपत्रांचे आभार. पासवर्डचे आभार. अकरा कोऱ्या मेलांचेही. शिव्याशाप द्यायचे असतील तर फाईलसोबत द्या, म्हणजे टपाल वाचेल.

सध्याच्या डावातली चाल वेगळ्या मेलनं पाठवलीय. ओढ्यापलीकडच्या बागेत तुमचा दुसरा पँथर बसलाय, तो मला परवाच दिसलाय. खोटं वाटत असेल तर फाईल उघडा.

तुमची,
शत्रू

ता. क. बाबा आता सावकाश बोलतात. हे पत्र त्यांना वाचून दाखवलं. विचारताहेत, हवालदाराची रजा शेवटी मंजूर झाली का? मी सही करायची राहूनच गेली होती. या पत्राखाली केलीय, ती धरावी.