फोन आईचा, वयही आईचंच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेवर हल्ली व्याख्यानं होतात, पत्रकं वाटली जातात. मुलाच्या फोनवर फॅमिली लिंक हे पालकांनी लक्ष ठेवायचं गूगलचं ॲप टाका, इन्स्टाग्रामवर टीन अकाउंटच असू द्या, असं त्यांत हमखास असतं. सल्ला बरोबर आहे, पण मुलाला स्वतःचा फोन आहे असं त्यात धरलेलं असतं. सोलापुरात अशोक चौकापासून विडी घरकुलापर्यंत कितीतरी घरांत मुलाच्या हातात असतो तो आईचा फोन. बाहेर ४२ अंश ऊन, आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळतेय आणि शेजारी दहा वर्षांचं पोर “यूट्यूब लावून दे की” म्हणून मागे लागलंय. ती फोन उघडून देते. हात रिकामे नसतात, दुसरं काय करणार?

अडचण इथेच आहे. कंपन्यांनी मुलांसाठी केलेली जवळजवळ सगळी सोय खात्यातल्या जन्मतारखेवर टांगलेली असते. इन्स्टाग्रामवर १८ वर्षांखालच्या मुलाचं खातं आपोआप खासगी होतं, अनोळखी माणसाला त्याला मेसेज करता येत नाही आणि १६ वर्षांखालच्या मुलाला हे नियम सैल करायला पालकांची संमती लागते. पण खातं आईच्या जन्मसालाचं असेल, किंवा मुलानं साल खोटं टाकलं असेल, तर त्यातलं बरंचसं लागूच होत नाही. कंपनीच्या हिशेबी समोर पस्तिशीची बाई बसलेली असते.

म्हणून सुरुवात फोनच्या कुलपापासून करावी. विडीच्या आणि मागाच्या कामानं बोटांचे ठसे झिजतात. फोन आईचं बोट ओळखत नाही, मग सोय म्हणून मुलाचा ठसा नोंदवला जातो. तो आधी काढून टाका. पॅटर्नही नको, तो बघून मुलाला पाठ झालेला असतो. सहा आकडी पिन ठेवा.

नंतर सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘पिन’ टाइप करा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘ॲप पिनिंग’, ‘स्क्रीन पिनिंग’ किंवा ‘पिन ॲप’ अशा नावानं एक सोय सापडते. ती चालू करताना खालचं ‘अनपिन करण्यापूर्वी पिन विचारा’ हे बटणही चालू करा. हे विसरलं की सगळं फुकट जातं, कारण मग मूल बोट वर सरकवून धरतं आणि बाहेर पडतं. आता मुलाला द्यायचं ॲप उघडा, अलीकडच्या ॲप्सच्या पडद्यावर जा, त्या ॲपच्या चिन्हावर दाबा आणि ‘पिन’ निवडा. मूल त्या एका ॲपमध्येच राहतं; गॅलरी, व्हॉट्सॲप, बँक काहीच त्याच्या हाताला लागत नाही.

पण साधं यूट्यूब पिन केलं, तर यूट्यूबमधलं सगळं उघडंच राहतं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलासाठी यूट्यूब किड्स पिन करा. त्यात मुलाच्या वयाचा गट निवडा, सर्च बंद करा, आणि मूल लहान असेल तर फक्त तुम्ही मंजूर केलेलेच व्हिडिओ दिसतील असं ठेवा. वेळ लावायचा टायमर आतच आहे. एक गंमत ध्यानात ठेवा. पालकांच्या सेटिंगमध्ये शिरताना ते ॲप एक गुणाकार विचारतं. पाढे पाठ असलेलं चौथीतलं पोर तो आईच्या आधी सोडवतं. तिथं स्वतःचा पासकोड घालायची सोय आहे, तो घालाच.

पैशांची गळती वेगळीच. लाडकी बहीणचे पैसे, मजुरी, बचत गटाचा हप्ता, सगळं त्याच फोनवर येतं. पालक निर्धास्त असतात की यूपीआय पिन मुलाला माहीत नाही. पण यूपीआय लाइट, म्हणजे छोट्या रकमांसाठीचं ॲपमधलं पाकीट, चालू असेल, तर एका वेळी १,००० रुपयांपर्यंतची रक्कम पिन न विचारता जाते आणि त्यात ५,००० रुपयांपर्यंत शिल्लक राहू शकते. मुलाच्या हातात जाणाऱ्या फोनवर लाइट बंद करा, शिल्लक बँकेत परत येते. त्याच ॲपमधलं ‘ऑटोपे’ (पैसे आपोआप कापून घ्यायची मंजुरी) उघडून नको ती मंजुरी रद्द करा. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी मागायला सांगा. एवढं करूनही मुलानं मोबाइलच्या खेळात ‘डायमंड’ (खेळातलं नाणं) विकत घेतलेच, तर ती सायबर फसवणूक नव्हे. त्यासाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावून उपयोग नाही. ४८ तासांच्या आत गूगल प्लेकडे परताव्याची मागणी करा.

‘फुकट डायमंड’ देणारी ॲप्स मात्र खरी फसवणूक. ती सहसा प्ले स्टोअरवरून येत नाहीत, टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (ॲप थेट इन्स्टॉल करणारी फाइल) म्हणून येतात. सेटिंग्जमध्ये ‘अज्ञात ॲप्स इन्स्टॉल करा’ ही परवानगी क्रोम, व्हॉट्सॲप, टेलिग्राम आणि फाइल्स, या प्रत्येकासाठी वेगवेगळी बंद करावी लागते. एकाची राहिली तरी पुरे होते.

आठवी-नववीच्या मुलांचं दुखणं निराळं. मुलीच्या नावाचं खातं ओळख वाढवतं, व्हिडिओ कॉल करतं, कॉल रेकॉर्ड होतो आणि मग पैसे दे, नाहीतर तुझ्या मित्रांना पाठवतो अशी धमकी येते. बळी मुलगेही असतात, आणि ते घरी बोलत नाहीत. पैसे देऊ नका. एकदा दिले की आकडा वाढतो. घाबरून खातं डिलीटही करू नका, पुरावा त्यातच असतो. आधी समोरच्याचं प्रोफाइल, यूजरनेम, लिंक, तारीख-वेळ दिसेल असे धमकीचे मेसेज आणि पैसे मागताना दिलेला यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट घ्या, मगच ब्लॉक करा. पैसे गेलेच असतील तर १९३० ला लगेच फोन लावा. रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत असते, तास उलटले की ती अडवणं कठीण होतं.

मुलाचा तसला फोटो पुरावा म्हणून शिक्षकांना, नातेवाइकांना, कुणालाही फॉरवर्ड करू नका. पुढे पाठवणं हाही गुन्हाच आहे. मूळ फोन पोलिसांना दाखवा. हद्दीचं कारण सांगून पोलीस ठाण्याला तुम्हाला परत पाठवता येत नाही; जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नव्या कायद्यात झीरो एफआयआरची, म्हणजे कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवण्याची, तरतूद स्पष्ट आहे. पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम २४ नुसार मुलाचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, गणवेशात नसलेल्या अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशी तक्रार नाव न देताही करता येते. फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. ती फोटोचा फक्त सांकेतिक ठसा घेते, फोटो फोनमधून बाहेर जात नाही. इन्स्टाग्राम-फेसबुकसारख्या सहभागी सेवा त्यावरून तो ओळखतात. व्हॉट्सॲपवर फिरणारी प्रत तिनं थांबत नाही.

शाळांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. प्रकरण ‘आपसात मिटवणं’ हा गुन्हा आहे. पॉक्सोच्या कलम १९ नुसार माहिती असणाऱ्याला ती पोलिसांना द्यावीच लागते. आणि साठ पालकांचे नंबर एकमेकांना दिसणारा वर्गाचा ग्रुप बंद करून व्हॉट्सॲप कम्युनिटीचा सूचना गट वापरा, त्यात इतर सदस्यांना नंबर दिसत नाहीत. (पोरांचे वाढदिवस पूर्ण नाव आणि शाळेसकट चौकातल्या डिजिटल फलकावर झळकवण्याच्या आपल्या हौसेबद्दल काय बोलावं!)

जूनमधल्या पहिल्या पालकसभेत भाषणाऐवजी प्रत्येक आईला फोन हातात घेऊन बसवा. मुलाचा ठसा काढणं, ॲप पिनिंग आणि यूपीआय लाइट, एवढ्या तिन्हींना वीस मिनिटं लागतात. सभा संध्याकाळी सातनंतर ठेवा. दुपारी विड्या जमा करायच्या असतात.

आपला,
एक संगणकशिक्षक,
अशोक चौक परिसर, सोलापूर