तक्त्याच्या आधी बोलणारा कोण ते विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दहावी मार्गदर्शन पुरवणीत इंग्रजीच्या 'डायरेक्ट-इनडायरेक्ट'चा, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात कसं सांगायचं याचा, पानभर तक्ता आला आहे. आमच्या शेजारच्या मुलाने तो कापून वहीत चिकटवलासुद्धा. 'सेड' दिसलं की काळ एक पायरी मागे, 'टुमारो'चं 'द नेक्स्ट डे', 'हिअर'चं 'देअर'. तक्ता चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण असले तक्ते घोकून आमची पोरं काय लिहितात, ते निवृत्त होईपर्यंत तपासत आले, म्हणून हे पत्र.

घरात मुलगा सांगतो, "बाबा म्हणाले की मी उद्या मोंढ्यात सोयाबीन नेतो." यात मराठीचं काहीच बिघडत नाही. 'की'च्या पुढे आपण सहसा माणसाचे शब्द जसेच्या तसे ठेवतो, त्याचा 'मी'सुद्धा. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेल्या आमच्या वडिलांच्या पिढीलाही 'उसने कहा कि मैं आऊँगा' हेच अंगवळणी पडलेलं. इंग्रजीला हे चालत नाही. तिथे मुलाने 'माय फादर सेड दॅट आय विल टेक द सोयाबीन टुमारो' असं लिहिलं, की सोयाबीन बाप नेणार नाही, मुलगाच नेणार असा अर्थ होतो. म्हणजे काळाच्या आधी माणूस बदलायला हवा. आपल्या तक्त्यात सर्वनामांना अगदी तळाची ओळ मिळाली आहे.

'टुमारो'चंही तसंच. मुख्याध्यापकांनी सकाळी प्रार्थनेच्या वेळी उद्याची सुट्टी जाहीर केली आणि मुलीने त्याच संध्याकाळी आईला ते इंग्रजीत सांगितलं, तर 'टुमारो'च बरोबर. उद्या अजून उजाडायचाच आहे. आठवड्याने सांगितलं तर 'द नेक्स्ट डे'. त्याच शाळेच्या अंगणात उभं राहून सांगत असेल तर 'हिअर'चं 'देअर' करायचं कारण नाही. बोलणं कधी झालं आणि सांगणारा कुठे, कधी सांगतोय, हे न विचारता शब्दांची अदलाबदल शिकवली की मूल डोकं बाजूला ठेवून पेन चालवतं.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तिथे काळ बदलू नये, हे सगळेच शिकवतात. पण जिंतूरची मैत्रीण जिंतूरलाच राहत असेल, तर 'शी सेड शी लिव्ज इन जिंतूर' हेही बरोबर आणि 'लिव्ड'ही बरोबर. आपल्या उत्तरसूचीत अशा वाक्याला एकच उत्तर दिलं आहे. 'लिव्ज' लिहिणाऱ्या मुलाने स्वतःला चूक धरायचं का?

प्रश्नार्थक वाक्यांचं मात्र मला नेहमी नवल वाटत आलं. 'व्हेअर डू यू लिव्ह' हा उलटा क्रम आमच्या मुलांच्या गळी उतरवायला वर्षं जातात, कारण मराठीत प्रश्न विचारताना कर्ता जागचा हलत नाही. इनडायरेक्टमध्ये तर इंग्रजीच सरळ होते: 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड'. 'डू' गेलं, उलटापालट गेली. जी गोष्ट आपल्या मुलांना सोपी जावी, तिथेच 'व्हेअर डिड आय लिव्ह' लिहून ती गुण घालवतात. इथे मराठीचा आधार घ्यायला कुणी सांगत नाही. क्लासवाल्यांकडून तर अपेक्षाच नाही.

आपल्याकडे यावर उपाय तयार आहे. आपला तालुका बातमीदार रोज हेच काम करतो. बाजार समितीचे सभापती काय म्हणाले, तहसीलदारांनी काय सांगितलं, ते तो त्या जागी नसलेल्या वाचकाला सांगतो. अशी चार ओळींची बातमी पुरवणीत द्या. कोण, कुणाला, कधी बोललं ते वर लिहा आणि मुलांना ती इंग्रजीत सांगायला लावा. 'आम्ही पैसे देऊ' यातला 'आम्ही' बातमीदाराचा नाही, हे सातवीच्या पोरालाही लगेच कळतं. त्याला 'दे' शिकवायला तक्ता लागत नाही.

हे जानेवारीच्या आत सुरू झालं तर यंदाच्या मुलांना उपयोग होईल. उत्तरसूचीत जिथे दोन उत्तरं बरोबर असतील तिथे दोन्ही छापा. जागा कमी पडली तर तक्ता काढा.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, सेलू (जि. परभणी)