निळे झाले, तेव्हाच ते खनिज संपले

मा. संपादक,

ज्वालामुखीतील खनिजांवरच्या आपल्या लेखात चाल्कोसायनाइट म्हणून गडद निळ्या स्फटिकांचे छायाचित्र आहे. छायाचित्र देखणे आहे, पण ते बहुधा चाल्कोसायनाइटचे नाही.

परीक्षानळीत मोरचूद तापवल्याचे अनेकांना आठवत असेल. पाणी उडते, निळा रंग जातो, पांढरी भुकटी उरते. तिच्यावर पाण्याचा थेंब पडला की निळाई परत येते. ती भुकटी म्हणजे निर्जल कॉपर सल्फेट, आणि चाल्कोसायनाइट हे त्याचेच निसर्गात घडलेले रूप. धूममुखांतून, म्हणजे ज्वालामुखीच्या वायू ओकणाऱ्या फटींतून, शेकडो अंश तापलेल्या वायूंबरोबर तांबे क्लोराइडच्या रूपात वर येते. गंधकाचे वायू आणि हवेतला ऑक्सिजन यांच्याशी त्याचा संयोग होऊन फटींच्या भिंतींवर स्फटिक धरतात. ते फिकट हिरवे असतात, पिवळट असतात, कधी रंगहीन तर कधी हलके आकाशी. दमट हवा लागली की ते पाणी शोषतात आणि शेवटी त्यांचे मोरचूदच होते. इटलीतील व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या 1868 च्या उद्रेकानंतर खनिजशास्त्रज्ञ अर्कांजेलो स्काक्की यांनी या खनिजाचे वर्णन केले. नावातली निळाई (‘सायन’ म्हणजे निळा) आहे ती अशी नंतर येणारी.

‘अशी खनिजे घडायला लाखो वर्षे लागतात’ हे लेखातले वाक्यही इथे लागू होत नाही. रशियाच्या कामचाटकातील टोलबाचिक ज्वालामुखीचा मोठा उद्रेक 1975-76 चा. त्यात उभ्या राहिलेल्या शंकूंवरची धूममुखे चाळीस वर्षांनंतरही धगधगत होती, आणि टोलबाचिकवर आजवर शंभराहून अधिक नवी खनिजे सापडली आहेत. सोडियम आणि तांब्याचे निळे-हिरवे सल्फेट असलेल्या पेट्रोव्हाइटची नोंद तर 2020 मधली. कितीतरी वाचकांपेक्षा हे खडक वयाने लहान आहेत! मला या विषयातले सर्वांत विलक्षण वाटते ते हेच.

तिथले संशोधक असे नमुने गोळा करताक्षणीच हवाबंद करतात, कारण उघड्यावर ठेवलेला नमुना बदलत जातो आणि चिठ्ठीवरचे नाव मात्र तेच राहते. म्हणून विनंती, की छायाचित्राबाबत खुलासा छापावा आणि पुढे अशा खनिजांची चित्रे देताना नमुना कुठला, कधी गोळा केला आणि कसा ठेवला होता, एवढे तरी खाली लिहावे.

आपला,
एक नियमित वाचक