एग बेटावरून

मॅलेग, स्कॉटलंड

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

कालच एग बेटावरून परतलो. हे फोनवर सांगून भागणार नाही, म्हणून मुद्दाम लिहायला बसलोय.

इथून बोटीने तास-सव्वा तास. पाहुण्यांनी गाडी न्यायची नाही, त्यामुळे सगळी पायपीट. बेट जेमतेम 9 किलोमीटर लांब, वस्ती शंभराच्या आसपास. दक्षिण भागात अॅन स्कूर हा 393 मीटर उंचीचा काळा कडा. तोही आपल्या सह्याद्रीसारखा ज्वालामुखीतून झालेला, त्यामुळे बघताक्षणी ओळखीचा वाटला.

कड्याच्या दक्षिण पायथ्याशी ग्रूलिन गाव होतं. 1853 साली मेंढ्यांना कुरण हवं म्हणून तिथल्या 14 कुटुंबांना घराबाहेर काढलं. बहुतेक जण जहाजाने कॅनडाला गेले. भिंती अजून कमरेइतक्या उभ्या आहेत. एका घराचा उंबरठा शेवाळाखाली स्पष्ट दिसत होता. तिथे मला फार संताप आला रे. पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या माणसांपेक्षा मेंढरं किफायतशीर ठरली!

त्याआधीचं दुःख तर आणखी भयंकर. 1577 च्या सुमारास मॅक्लाउड घराण्याच्या लोकांनी गुहेत लपलेल्या इथल्या मॅक्डोनाल्डांना तोंडाशी जाळ करून गुदमरवून मारलं, सुमारे 400 जणांना, असं परंपरा सांगते. गुहेचं तोंड इतकं अरुंद, की रांगतच शिरावं लागतं. मी बाहेरूनच हात जोडले.

पण तुला खरं सांगायचंय ते पुढचंच. बेट एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकलं जायचं आणि राहणाऱ्यांना घराचीही शाश्वती नसायची. शेवटी गावकऱ्यांनी कंबर कसली. हजारो लोकांच्या देणग्या जमवून, सुमारे 15 लाख पौंड देऊन, 12 जून 1997 रोजी बेट त्यांच्या न्यासाच्या ताब्यात आलं. ‘कसेल त्याची जमीन’ म्हणत मोर्चे काढलेल्या तुझ्या आबांना हे जरूर वाचून दाखव.

2008 पासून पाणी, वारा आणि उन्हावर त्यांची स्वतःची वीज आहे. प्रत्येक घराला एका वेळी 5 किलोवॉट, गरीब-श्रीमंत भेद नाही. किटली आणि वॉशिंग मशीन एकदम चालतं, तिसरं काही लावायचं तर आधी विचार करायचा. मी उतरलो होतो त्या घरच्या बाई हे केवढ्या अभिमानाने सांगत होत्या!

पुढच्या वेळी तू बरोबर हवासच. मे महिन्यात ये, दिवस मोठे असतात. वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद