साठीनंतरची डोकेदुखी आणि कानशिलाची धमनी

मा. संपादक,
स. न.

साठीनंतर पहिल्यांदाच डोके दुखू लागले की आपल्याकडे आधी बीपी मोजतात, मग चष्म्याचा नंबर बघतात, तरी थांबले नाही तर खापर मानेच्या मणक्यांवर फोडतात. त्या वयात मानेच्या एक्स-रेमध्ये काही ना काही सापडतेच! यात टेम्पोरल आर्टरायटिस, म्हणजे कानशिलाच्या धमनीची सूज, राहून जाते. उत्तर युरोपच्या मानाने आपल्याकडे हा आजार कमी, पण चुकला तर दृष्टी जाते, ती बहुधा परत येत नाही. दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो.

पन्नाशीपुढच्या रुग्णाला नेमके विचारावे. फणी फिरवताना डोक्याची कातडी दुखते का? भाकरी चावता चावता जबडा भरून येतो आणि थांबले की उतरतो का? पहिल्याच घासाला कळ आली तर दात पाहावा. या आजारात चावण्याच्या स्नायूंना रक्त अपुरे पडते म्हणून दुखणे चार घासांनंतर येते. या लक्षणापायी चांगले दात काढले जातात. डोळ्यापुढे क्षणभर पडदा येणे, एकाची दोन दिसणे, सकाळी खांदे आखडणे हेही विचारावे. मग बोटाने कानशील चाचपावे: धमनी जाड, दुखरी लागते, कधी ठोकाच लागत नाही.

ईएसआर, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) त्याच दिवशी कराव्यात. सत्तरीच्या बाईंचा ईएसआर ४० पर्यंत चालतो. तो अॅनिमियात आणि क्षयातही चढतो, म्हणून एकट्या आकड्यावर जाऊ नये. प्लेटलेट वाढलेल्या असतील तर संशय बळावतो. क्वचित ईएसआर, सीआरपी दोन्ही नॉर्मल असूनही आजार असतो.

संशय पक्का असेल तर बायोप्सीसाठी (धमनीचा तुकडा काढून तपासण्यासाठी) थांबू नये. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज ४० ते ६० मिग्रॅ लगेच सुरू करावे. नजरेची तक्रार असेल तर तातडीने रुग्णालयात, शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन (हेही स्टिरॉइडच). स्टिरॉइडनंतर एक-दोन आठवडे बायोप्सीत खुणा सापडतात. सोनोग्राफीतले धमनीभोवतीचे काळे वलय मात्र काही दिवसांतच फिकट होते, म्हणून ती लवकर करावी. बायोप्सीचा तुकडा किमान १ सेंमी हवा. सूज सलग नसते, छोट्या तुकड्यात निसटते.

डोकेदुखी दोन-तीन दिवसांत उतरते, आणि घरचे लोक गोळ्या बंद करतात. पण डोस वर्ष-दोन वर्षांत हळूहळू उतरवायचा असतो. तोवर साखर, बीपी आणि हाडांकडे लक्ष हवे.

— एक फिजिशियन, सातारा